पाठीचं माप

सदुसष्टाव्या वर्षी लेओनचं दुसरं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या लेकीला, सोलीनला, आनंद झालाच, पण त्याहून जास्त धास्ती वाटली. नवऱ्या मुलाबद्दल तक्रार नव्हती. अर्मां हा मालवाहू बोटीवर जन्म काढून आता कालव्याकाठच्या दोन खोल्यांत स्थिरावलेला गडी. ब्रेड आणायला खाली उतरला तरी दोन माणसं जेवायला घेऊन वर येणारा. असा सावत्र बाप एकोणचाळिसाव्या वर्षी मिळत असेल तर कुणीही डोळे मिटून हो म्हणावं. सोलीनची धास्ती वेगळीच होती. तिला भीती होती ती नगरपालिकेच्या लग्नाच्या दालनातल्या खुर्च्यांची.

तिथे नवरानवरी पुढे बसतात, महापौरासमोर, आणि सगळा गोतावळा त्यांच्या मागे. कायद्याची कलमं वाचून होईपर्यंत, भाषण होईपर्यंत, सह्या होईपर्यंत वीस मिनिटं तरी जातात, आणि तेवढा वेळ पाहुण्यांना नवरीची दिसते ती पाठ. लेओनने जन्मभर एकच गोष्ट जिवापाड सांभाळली होती, ती म्हणजे आपली पाठ कुणाला दिसू द्यायची नाही.

अकराव्या वर्षी तिचा कणा वाकायला लागला. समुद्रकाठच्या रुग्णालयात दोन वर्षं ती प्लास्टरच्या कवचात उताणी पडून होती. वाकणं थांबलं, पण वाकलेलं सरळ झालं नाही. उजवा खांदा वर, डावा खाली, आणि उजव्या पाठीवर फासळ्यांचा उंचवटा. मोठी झाल्यावर ती टपालखात्यात लागली आणि तिने खिडकीवरचं काम मागून घेतलं. पुढे बढती आली तर ती नाकारली, कारण बढतीत सगळ्या दालनातून फिरावं लागलं असतं. एकतीस वर्षं लोकांनी तिला काचेपलीकडून, समोरूनच पाहिलं. जिन्यावर ती सगळ्यांना पुढे घालायची. म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, माझे गुडघे दुखतात. आणि लोक वळणाआड गेले की दोन-दोन पायऱ्या गाळत चढायची.

तर या बाईने फर्मान काढलं, की कायद्याने साक्षीदार दोन लागतात, तेव्हा दोनच बोलवायचे, आणि आपण तपकिरी ओव्हरकोट घालूनच बसणार. अर्मांची बोटवाली मित्रमंडळी, भाऊ-भावजया, त्यांची पोरं मिळून चाळीस माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांना तो सांगून बसला होता. त्याने वाद घातला नाही. बरं, म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सोलीनला गाठून त्याने मन मोकळं केलं.

"पोरी, मला मेजवानी नको, वाजंत्री नको. माझ्या माणसांसमोर ती मला हो म्हणताना ऐकायचंय, एवढंच. कोट घालून, दार लावून, चोरासारखं लग्न करायचं म्हणजे मलाच कसंतरी होतं."

सोलीन बोलून गेली, की मी तिला झगा शिवते. लेओनच्या कानावर गेलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, झगा होऊ दे, मग बघू. लग्न नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होतं. पाहुण्यांना पत्रं टाकायची तर पहिल्या सोमवारच्या आत टाकायला हवी होती. म्हणजे त्याआधीच्या शनिवारी झगा लेओनच्या अंगावर चढायला हवा, आणि तो बघून तिने ठरवायचं: चाळीस माणसं, की दोन साक्षीदार आणि तपकिरी कोट.

सोलीन एरवी दातांच्या डॉक्टरकडे फोन घेण्याचं आणि वेळा देण्याचं काम करायची. पण गेली दोन वर्षं दर शनिवारी ती कापडबाजारामागच्या गल्लीत तीन मजले चढून मादाम ब्रेसोलच्या वर्गाला जात होती. उत्तरेकडे उंच खिडक्या असलेली लांबट खोली, मधोमध मोठं टेबल, भिंतीशी ओळीने उभे केलेले बिनडोक्याचे पुतळे, आणि आठ विद्यार्थिनी. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. टेबलावर कॉफी आणायची नाही, जेवून आल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि यंत्राला हात लावण्याआधी मादामची परवानगी घ्यायची. ती परवानगी सोलीनला आठ महिन्यांनी मिळाली.

मादाम ब्रेसोल चौदाव्या वर्षी उंची कपड्यांच्या एका मोठ्या पेढीच्या शिवणघरात लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायला लागल्या, आणि साठाव्या वर्षी त्याच शिवणघराच्या मुख्य म्हणून बाहेर पडल्या. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सगळ्यांना, अगदी विशीतल्या पोरींनाही, त्या तुम्ही म्हणायच्या आणि त्यामुळे त्यांचे टोमणे जास्तच झोंबायचे. हा टाका घातलाय की पेरलाय, असं विचारायच्या. इस्त्री फिरवताय की सूड घेताय, असं विचारायच्या. पण त्यांनी स्वतः सुई हातात घेतली की आठहीजणी हातातलं काम टाकून भोवती जमायच्या. कापडावरून नुसता अंगठा फिरवून उभा धागा कुठे आणि आडवा कुठे ते त्या सांगत. एकदा त्यांनी कोटाची बाही मुंढ्यात बसवून दाखवली. बाहीचं कापड मुंढ्यापेक्षा चांगलं तीन सेंटीमीटर जास्त होतं. मादामनी वाफ दिली, बोटांनी चुचकारलं, कच्चे टाके घातले, पुन्हा वाफ दिली. अर्ध्या तासाने बाही जागेवर होती आणि एकही चुणी नव्हती. तीन सेंटीमीटर कापड गेलं कुठे ते कुणालाच कळलं नाही. सोलीन त्या दिवशी घरी जाताना गाडीत आपलीच बोटं उलटीपालटी करून बघत होती.

आईचा झगा शिवायचाय हे तिने वर्गात सांगितलं, पाठीचंही सांगितलं. मादामनी एवढंच म्हटलं, की आधी पुतळा करा.

पुतळा करायचा ही त्या पेढ्यांची जुनी रीत. गिऱ्हाईक काही रोज उठून माप द्यायला येत नाही. म्हणून अंगापेक्षा थोडा बारीक पुतळा घ्यायचा आणि त्याच्यावर कापसाचे थर चढवत, वर कापड ताणून शिवत, तो हुबेहूब त्या बाईसारखा करायचा. मग सगळं शिवण त्या पुतळ्यावर. सोलीनने आईकडे मापं मागितली. लेओनने ती स्वतःच घेतली आणि एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहून फोनजवळ ठेवली. छाती, कंबर, नितंब, मानेपासून कमरेपर्यंत पाठ: सगळे आकडे छान, गोल आणि एकेकच. डावं वेगळं, उजवं वेगळं, असं काही नव्हतंच. ही मापं खोटी आहेत हे सोलीनला दिसत होतं. तरी तिने ती घेतली, कारण नाही म्हणायचं तर टेप घेऊन आईच्या मागे उभं राहावं लागलं असतं.

त्या मापांवर तिने दोन शनिवार खपून पुतळा भरला. उजव्या पाठीवर जरासा कापूस जास्त घातला, अगदी जरासा, कारण हात पुढे जाईना. मग मांजरपाटाचा कच्चा झगा कापला, टाचला, पुतळ्यावर चढवला. तो इतका सुरेख बसला की शेजारची क्लोतिल्द उठून बघायला आली. क्लोतिल्द चोवीस वर्षांची, वर्गातली सगळ्यात लहान आणि तोंडात तीळ न भिजणारी. ती म्हणाली, तुझ्या आईचा बांधा तर माझ्यापेक्षा बरा आहे.

मादाम आल्या. कच्चा झगा त्यांनी बघितलाच नाही. तो बाजूला सारून त्यांनी दोन्ही तळवे पुतळ्याच्या मानेवर ठेवले आणि सावकाश कमरेपर्यंत खाली आणले.

"या कोण?"

"माझी आई," सोलीन म्हणाली.

"नाही. या बाईंची पाठ माझ्यापेक्षा सरळ आहे. यांना झगा कुठल्याही दुकानात मिळेल, त्यासाठी तुम्हाला दोन शनिवार घालवायची गरज नव्हती. तुमच्या आई कुठे आहेत?"

सोलीनला रडू कोसळलं नाही, पण कान तापले. तिने पाकिटाची हकिकत सांगितली. मादाम स्टूल ओढून बसल्या. आमच्या शिवणघरात पुतळ्यांची एक खोली होती, त्या सांगू लागल्या. प्रत्येक पुतळ्याच्या गळ्याला गिऱ्हाइकाच्या नावाची पट्टी. कुणाचा एक नितंब मोठा, कुणाला पोक, कुणाचा एका बाजूचा स्तन काढलेला, कुणाला दिवस गेलेले आणि नवऱ्याला अजून पत्ता नाही. आम्हा सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं आणि चार भिंतींबाहेर एक अक्षर जायचं नाही. त्या खोलीत एकच गुन्हा होता, तो म्हणजे पुतळा बाईपेक्षा चांगला दाखवणं. नवीन मुली हमखास करायच्या, दयेपोटी. आणि मग खरी बाई येऊन झगा घालायची, तो तिच्या अंगावर लटकायचा, आणि तिला वाटायचं दोष आपल्याच अंगात आहे.

"तुम्ही कापूस कमी घातलात, तो आईंना बरं वाटावं म्हणून की तुम्हाला?" एवढं विचारून मादाम उठल्या. मग त्यांनी माप कसं घ्यायचं ते दाखवलं. कमरेला दोरी घट्ट बांधायची, मानेच्या मणक्यावरून वजन लावलेला दोरा खाली सोडायचा, आणि त्या दोऱ्यापासून डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं, दर पाच सेंटीमीटरवर मोजायचं. डोळ्यांनी नाही, हातांनी.

रविवारी सोलीन आईकडे गेली. लेओन सुपासाठी कांद्याची पात चिरत होती. टेप बघितल्याबरोबर तिचा चेहरा बंद झाला. पाकीट हरवलं का, तिने विचारलं. सोलीन म्हणाली, पाकीट खोटं आहे आई. लेओनने आधी मादामचा उद्धार केला, मग अशा वर्गांवर पैसे उधळणाऱ्या बायकांचा, मग अर्मांच्या चाळीस नातलगांचा एकेक करून. सोलीन दाराशी उभीच राहिली. शेवटी लेओनने ब्लाऊज काढून खुर्चीवर टाकला, आतली बंडी तेवढी ठेवली, आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

"घे काय घ्यायचं ते. माझं चिरून होईपर्यंत."

एकोणचाळीस वर्षांत सोलीनने ही पाठ पाहिली नव्हती. लहानपणी समुद्रावर आई वाळूत उताणी पडून राहायची, घरात दार लावून कपडे बदलायची. सोलीनने दोरी बांधली, दोरा सोडला. दोऱ्याखाली कणा त्याच्या वाटेने जात होता, आधी थोडा उजवीकडे, मग मोठं वळण घेऊन परत. तिने उंचवट्यावर तळवा ठेवला. कातडी मऊ आणि उबदार होती. तिला वाटलं होतं तिथे काहीतरी कठीण, दुखरं लागेल. आपण इतकी वर्षं कशाला भ्यायलो, हे तिला कळेना.

"हात गार आहेत तुझे," लेओन म्हणाली.

खांद्यापासून कमरेपर्यंत डावीकडे अडतीस. उजवीकडे साडेबेचाळीस. सोलीन पेन्सिलने आकडे लिहीत गेली.

"रुग्णालयात पण असेच लिहायचे," लेओन पातीकडे बघतच म्हणाली. "महिन्यातून एकदा. एक बाई मोजायची, दुसरी लिहायची. आकडा वाढला की डॉक्टर मान हलवायचा. मला काही सांगायचे नाहीत, पण मी त्याची मान बघायची. आता मला सांग, तुझा आकडा बरा आला की वाईट?"

"बरा-वाईट काही नसतो, आई. मादाम म्हणतात, कापडाला फक्त ठाऊक असावं लागतं."

पात संपली होती, तरी लेओन तशीच उभी राहिली आणि सोलीनचं माप पुरं झालं.

पुढच्या शनिवारी सोलीनने जुना पुतळा सोलून काढला आणि नव्याने भरला. या वेळी हात थांबला नाही. भरून झाल्यावर तिने मागे होऊन पाहिलं तर खिडकीपाशी तिची आई उभी होती, फक्त डोकं तेवढं नव्हतं. तेव्हा मात्र ती जिन्यात जाऊन पोटभर रडली. परत आली तर मादाम पुतळ्याभोवती फिरत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सोलीनने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या खूश होत्या.

"हा झगा शिवायला मजा येईल," त्या म्हणाल्या.

आणि खरोखर, त्यानंतरचे तीन शनिवार सोलीन जे शिकली ते दोन वर्षांत शिकली नव्हती. अंग एकसारखं नसेल तर झगा एकसारखा कापून चालत नाही. झगा मुद्दाम वेडावाकडा कापायचा, म्हणजे तो अंगावर सरळ दिसतो. डावी बाजू आणि उजवी बाजू दोन निरनिराळ्या बायकांच्या वाटाव्यात इतक्या वेगळ्या निघाल्या. डाव्या खांद्याखाली पातळ नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तीन थर आले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बोटभर लहान, म्हणजे कडा कुठे संपते ते कळू नये. खालचा घेर पुतळ्यावर चढवून, जमिनीपासून पट्टीने मोजून कापला. टेबलावर पसरला की तो लाटेसारखा वरखाली दिसे, पुतळ्यावर जमिनीशी अगदी समांतर. कापड होतं पिकलेल्या आलूबुखाराच्या रंगाचं जड रेशीम. पाठीचा भाग मादामनी अखंड ठेवायला लावला, मध्ये शिवण नाही, आणि तो उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर, कापायला लावला. उरेब कापड उंचवट्यावरून ताणत नाही, जाता जाता त्याला वळसा घालतं. पण ते लबाडही असतं, आपल्याच वजनाने लोंबतं. म्हणून आठवडाभर पुतळ्यावर तसंच टांगून ठेवलं आणि मगच शिवलं. झगा घालायला उघडायचा कुठून, तर डाव्या काखेखालून, लपलेल्या हुकांनी, म्हणजे पाठीवर काही नको. त्या काखेतल्या शिवणीला सोलीनने एक अख्खा दिवस घातला. मादामनी ती उजेडात धरून पाहिली आणि एकही टोमणा मारला नाही.

ठरलेल्या शनिवारी लेओन तीन मजले चढून आली. अर्मांला खाली कॉफीच्या दुकानात बसवलं होतं. खोलीत शिरल्याबरोबर लेओनने भिंत शोधली आणि तिला पाठ लावून उभी राहिली. सोलीनचा जीव टांगणीला लागला होता. सोमवारी पत्रं टाकायची होती, आणि आई तपकिरी कोटाची बटणं घट्ट लावून आली होती.

फिटिंग चालू असताना कसं वागायचं हे मादामनी वर्गाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मान वर करायची नाही, मुद्दाम खालीही घालायची नाही, आपलं काम करत राहायचं. आडोशामागून लेओन झगा घालून बाहेर आली तेव्हा सातही जणींच्या सुया जशा चालत होत्या तशाच चालत राहिल्या. फक्त क्लोतिल्दला राहवलं नाही. नवरीच्या झग्याच्या दुमडीत आपला केस शिवला की वर्षाच्या आत आपलं लग्न होतं, असं शिवणघरातल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या मानत आल्या आहेत. मी एक शिवू का, तिने लाजत विचारलं.

"शीव बाई," लेओन म्हणाली. "पण नवरा असा मागून घे की त्याला मित्र कमी असतील."

हशा झाला आणि खोली जरा सैल झाली. मादाम गुडघ्यांवर बसल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे चांगले वाजले. खालून घेर तपासत त्या लेओनभोवती अर्ध्या फिरल्या, मग हाताचा आधार घेऊन उठल्या आणि तिच्या पाठीमागे गेल्या. लेओन आक्रसली. लोक तिच्या पाठीकडे एक तर चोरून बघत, नाही तर चटकन नजर वळवत. त्या दोन्हींची तिला सवय होती. मादामनी ती पाठ वरपासून खालपर्यंत पुरी बघितली, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा बघितली, आणि तळवा ठेवला.

"माझ्यासाठी ताठ होऊ नका," त्या म्हणाल्या. "रोज ओट्याशी उभ्या राहता तशा राहा. मला तुम्ही हव्या आहात, फोटो नको. सोलीन, उजवीकडे पाव सेंटीमीटर मोकळं करा, श्वास घेताना अडतंय."

लेओनने श्वास सोडला तो ऐकू आला. सोलीनने टाचण्या लावल्या. मग मादामनी तीन फळ्यांचा उभा आरसा ओढून आणला, त्याच्या कडा वळवल्या, आणि लेओनच्या हातात एक छोटा आरसा दिला.

रुग्णालयातून सुटल्यापासून लेओनने आपली पाठ पाहिली नव्हती. आरसा तिने आधी नुसताच धरला. मग वर केला.

पाठ सरळ झाली नव्हती. ती व्हायचीही नव्हती. उजवी बाजू होती तिथेच होती, आणि डोळे असलेल्या कुणालाही दिसली असती. पण रेशीम तिच्यावरून कुठेही न अडखळता, न ताणता, एका लयीत खाली उतरत होतं आणि जमिनीशी येऊन सगळीकडून सारखं थांबत होतं. हे कापड याच पाठीसाठी विणलं असावं, असं वाटत होतं. लेओन बघत राहिली. आरसा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. सोलीनला तिचा चेहरा दिसेना. आता ही कोट मागणार, असं तिला वाटलं.

"हा उघडतो कुठून?" लेओनने विचारलं.

"डाव्या काखेखालून. हूक आहेत आत."

"आणि मागे काहीच नाही?"

"मागे साधंच ठेवलंय, आई."

"का?"

सोलीनने मादामकडे पाहिलं. मादामनी ओठांतली टाचणी काढून हातात घेतली.

"पाठीवर कुणाची नजर ठरू नये म्हणून. ती सूचना माझी होती."

लेओनने मान हलवली आणि आणखी एकदा आरशात बघितलं.

"अर्मांची माणसं चाळीस आहेत," ती म्हणाली. "वीस मिनिटं माझ्या मागे बसणार. त्या बिचाऱ्यांनी बघायचं काय? मागे बटणं लावा. मानेपासून कमरेपर्यंत, बारीक, जवळजवळ."

सुया थांबल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा फिटिंग चालू असताना सगळ्यांनी माना वर केल्या आणि मादाम कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी लेओनला नीट समजावून सांगितलं, की बटणं लावायची तर अखंड पाठ मधोमध कापावी लागेल. उरेब कापड कापलं की त्याला पुन्हा सांभाळावं लागतं. बटणं याच रेशमात हातांनी मढवायची, प्रत्येकाला दोऱ्याचा फास. हातात दोनच आठवडे आहेत, काखेतली शिवण वाया जाईल, आणि हे सगळं तुमच्या लेकीला करायचंय. लेओनने लेकीकडे पाहिलं. सोलीन हो म्हणाली. तो आवाज तिला स्वतःचाच वाटला नाही.

मादामनी खडू घेतला आणि मानेच्या मणक्यावर टेकवला.

"ओळ कशी घेऊ? सरळ लंबात घेता येईल, डोळ्याला बरी दिसते. नाही तर तुमच्या कण्यावरून, तो जसा जातो तशी."

"कण्यावरून," लेओन म्हणाली. "सरळ ओळीतली काय, कुणाच्याही पाठीवर बसतील."

खडू निघाला. थोडा उजवीकडे गेला, मग मोठं वळण घेऊन परत आला आणि कमरेपाशी थांबला. मादामचा हात जराही हलला नाही. सोलीनला आपल्या आईचा इतका अभिमान वाटला की समोरचं नीट दिसेना, आणि तिने तो लपवलाही नाही. लेओनने झगा उतरवून तिच्या हातात दिला. सोलीनने तो टेबलावर पाठ वर करून पसरला, बाहीने डोळे कोरडे केले, आणि तीन आठवडे जपलेल्या त्या अखंड रेशमात, खडूच्या वळणावर, कात्रीचं टोक घातलं.